वाढीव चार मिनिटं

मी रुग्णालयं आखते. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे इंजिनिअर का? नाही. भिंती बांधणारे वेगळे. डॉक्टर मोकळे होईपर्यंत तुम्ही कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, पाण्याचा नळ कुठे आणि संडास किती पावलांवर, हे मी ठरवते. वीस वर्षं हेच करते आहे, आणि वीस वर्षं लोकांचं माझ्याकडे एकच गाऱ्हाणं आहे, की ओपीडीत अख्खा दिवस मोडतो.

२०३९ साली मी ते गाऱ्हाणं मनावर घेतलं. माणदेशात, माझ्याच माहेरच्या तालुक्यात, एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाची नवी ओपीडी मी आखली आणि तिच्यातून प्रतीक्षागृहच काढून टाकलं. बाकडी नाहीत, टोकन नाही, नावाचा पुकारा नाही. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

हे कसं जमलं ते थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे.

आधी आम्ही जुन्या ओपीडीच्या छताला अकरा महिने उष्णता मोजणारे डोळे लावले. त्यांना चेहरा दिसत नाही. माणसाच्या अंगाच्या उबेचा एक ठिपका तेवढा दिसतो. हा ठिपका कधी आला, कुठे बसला, केबिनमध्ये किती वेळ होता, कधी गेला, एवढीच नोंद. अशा लाखो ठिपक्यांवरून संगणकात त्या ओपीडीचं हुबेहूब प्रतिरूप उभं केलं आणि त्यात खोटे रुग्ण हजारोंनी सोडले. यंत्र शिकत गेलं. मधुमेहाचा जुना रुग्ण आत सहा मिनिटं घेतो, घाबरलेला नवा रुग्ण अकरा. बाजाराच्या दिवशी सगळेच घाईत असतात. एकदा हे कळलं की हिशेब उलटा मांडता येतो. डॉक्टर अकरा दहाला मोकळे होणार, म्हणजे रुग्ण अकरा आठला दारात हवा, त्याचं रक्त दहा चाळीसला घेतलेलं हवं आणि त्याच्या घरासमोर गाडी नऊ पंचावन्नला उभी हवी. दर अर्ध्या मिनिटाला यंत्र हा हिशेब नव्यानं मांडायचं. त्याला आम्ही ‘घटिका’ म्हणायचो.

अडचण रुग्णांची नव्हतीच. अडचण होती बरोबर येणाऱ्यांची. आमच्याकडे एका रुग्णामागे जवळजवळ दोन माणसं येतात. बाकडी ती अडवतात, दारात ती उभी राहतात, नळावर गर्दी त्यांचीच. आम्ही पाहणी केली की ही माणसं येतात कशाला. उत्तरं तीन आली. वाट दाखवायला, फाईल धरायला आणि डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवायला. ही तिन्ही कामं कानात घालायच्या एका बटणाएवढ्या यंत्रावर सोपवली. ते माणदेशी बोलायचं. ‘अण्णा, डावीकडं वळा. हां. आता निळं दार.’ घरी गेल्यावर डॉक्टरांचं बोलणं परत ऐकवायचं. मग गाडीत फक्त रुग्णाला घ्यायचं ठरलं.

वाचलेल्या जागेत मी डे-केअर विभाग बसवला. चोवीस आरामखुर्च्या. सकाळी या, सलाईन लावून घ्या, रक्त चढवून घ्या, कॅन्सरचं औषध घ्या आणि दिवेलागणीच्या आत घरी जा. त्याआधी एका डोससाठी लोक चार तास प्रवास करून पुण्याला जायचे आणि उलट्या करत परत यायचे. या विभागाचा मला आजही अभिमान आहे.

थांबण्याचा वेळ सरासरी तीन मिनिटांवर आला. बघायला दिल्लीहून माणसं आली. असाच आराखडा आणखी अकरा तालुक्यांत करायचं ठरलं, माझ्याच नावानं.

माझा थोरला भाऊ विलासदादा तिथलाच रुग्ण. साखर आणि हृदय दोन्ही, महिन्याला एक फेरी. त्याच्याइतकी पसंती मला दिल्लीवाल्यांनीही दिली नाही.

“सारिके, तुझं काम झ्याक हाय,” तो फोनवर म्हणाला. “धाला गेलो, साडेअकराला घरी. म्हशीला कळलंबी न्हाय मी गेल्यालं.”

“आणि वहिनी?”

“ती कशाला येतीया आता? सुटली बिचारी.”

मलाही तसंच वाटलं.

*

ओपीडी सुरू होऊन चौदा महिने झाले आणि डॉ. आफरीन मुल्लांचा फोन आला. मेडिसिनची ओपीडी त्या बघतात. जुन्या इमारतीत नऊ वर्षं आणि आता नव्या. कमी बोलतात आणि बोलल्या की झोंबतं.

“सारिकाताई, एक विचारू? आपल्या तालुक्यातल्या बायका एकदम ठणठणीत झाल्या का?”

“का हो?”

“मी माझे आकडे काढले. जुन्या इमारतीतल्या शेवटच्या वर्षात मी अकराशे चाळीस बायकांचे नवीन केसपेपर केले. रक्त कमी, थायरॉइड, बीपी, गाठी. या वर्षी तीनशे नव्वद. तुमच्या अहवालात याला ‘ओपीडीवरचा भार हलका झाला’ असं म्हटलंय.”

मी म्हणाले, गाडी दारात येते, थांबावं लागत नाही, मग बायका कमी का होतील? उलट वाढायला हव्यात. काहीतरी नोंदीत चुकलं असेल.

“मीही तेच म्हणत होते दोन महिने,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे जुने ठिपके आहेत ना? केबिनमधले बघा. पुरुष रुग्ण निघायच्या वेळचे.”

दुपारी जेवण बाजूला ठेवून मी ते काढले. प्रत्येक तपासणीचा शेवट आम्ही एका ठरावीक क्षणी धरला होता. डॉक्टरांनी औषधाचा कागद छापला की तपासणी संपली. पण छापल्यानंतरही ठिपके केबिनमध्ये रेंगाळलेले दिसायचे. सरासरी चार मिनिटं. या रेंगाळण्याला मी स्वतः नाव दिलं होतं, ‘वाढीव वेळ’. हिशेब शिकवताना यंत्राला ती दाखवलीच नव्हती. बैठकीत मी म्हणालेलं मला आठवतं, की खेड्यातली माणसं उठायलाही वेळ लावतात. सगळे हसले होते.

आता ती चार मिनिटं मी पहिल्यांदा उघडून पाहिली. केबिनमध्ये तीन ठिपके. एक डॉक्टरांचा, एक खुर्चीवरच्या रुग्णाचा, एक मागच्या स्टुलावर. कागद छापला जातो. रुग्णाचा ठिपका उठून दाराशी जातो. स्टुलावरचा ठिपका त्याच्यामागे जायला निघतो, थांबतो आणि पुढे येऊन खुर्चीवर बसतो. डॉक्टरांचा ठिपका त्याच्या अगदी जवळ सरकतो, स्टेथोस्कोप लावावा इतका. दर तीन तपासण्यांत एकदा हे घडत होतं. अकरा महिने, रोज.

मी डॉ. मुल्लांना फोन लावला.

“सापडलं?” त्यांनी विचारलं.

“या कोण आहेत?”

“बायका. नवऱ्याबरोबर आलेल्या. सासऱ्याबरोबर आलेल्या. त्याचं झालं की दारातून मागे वळतात. ‘आलेच आहे तर माझं पण जरा बघा.’ स्वतःसाठी म्हणून घरातून कधी निघत नाहीत. ती त्यांची ओपीडी होती, सारिकाताई. तिला खिडकी नव्हती, नंबर नव्हता.”

“मग तुम्ही लिहायच्या कुठे?”

“नवऱ्याच्या केसपेपरच्या मागे. सगळेच डॉक्टर लिहितात. काही निघालं तर मग तिचा वेगळा पेपर.”

“आणि मागे लिहिलेलं संगणकात...”

“नाही आलं. मागची बाजू स्कॅन करू नका, असा तुमचाच आदेश होता. कोऱ्या बाजूंमध्ये वेळ जातो म्हणून.”

तो आदेश माझाच होता. जुने कागद आम्ही ज्याचे त्याला परत देऊन टाकले होते.

*

शनिवारी मी माहेरी धोंडेवाडीला गेले. दादा रानात होता. शैलावहिनी ओसरीवर मटकी निवडत बसली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई दिवसभर रानात असायची, त्यामुळे दहावीपर्यंत माझ्या वेण्या वहिनीनंच घातल्या. माझ्या शिक्षणासाठी दादाशी भांडली तीही तीच.

“वहिनी, तू दवाखान्यात शेवटची कधी गेलीस?”

“मी? मला काय धाड भरलीया?”

“दादाबरोबर जायचीस ना?”

“तवाची गोष्ट येगळी. तवा जायलाच लागायचं. आता तुमची गाडी येती, ह्यांना न्हेती, आणून सोडती. माझं काय काम?”

“दादाचे जुने कागद कुठे आहेत?”

तिचा मटकीतला हात थांबला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण मी पोटासाठी माणसांच्या हालचाली मोजते. मी आत जाऊन फडताळातली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि कागद उलटे लावत गेले. फेब्रुवारी: ‘पत्नी. रक्त कमी. लोहाच्या गोळ्या.’ एप्रिल: ‘पत्नी. थकवा कमी आहे. गोळ्या चालू.’ आणि तेवीस मे: ‘पत्नी. डाव्या स्तनात गाठ, हरभऱ्याएवढी. आज सोनोग्राफी बंद. पुढच्या फेरीला करणे. नक्की आणणे.’ ‘नक्की’च्या खाली दोन रेघा. अक्षर डॉ. मुल्लांचं.

माझी नवी ओपीडी दहा जूनला सुरू झाली होती.

मी कागद घेऊन बाहेर आले. वहिनीनं तो पाहिला आणि पुन्हा मटकीत बोटं घातली.

“पुढच्या फेरीला का नाही गेलीस?”

“निगाले व्हते की. साडी बदलून दारात हुबी व्हते. गाडी आली आन् गाडीतनं आवाज आला, सोबतीची गरज नाही, घरच्यांनी निवांत राहावं. हे म्हणले, ऐकलंस न्हवं? कशाला दीस मोडतीस? मग फिरले माघारी.”

ते वाक्य मी लिहिलं होतं. ‘निवांत’ म्हणावं की ‘निर्धास्त’, यावर अर्धा तास घालवला होता.

“मग तू तुझ्या नावानं नोंद करायचीस. फोनवर नुसतं बोलायचं असतं.”

“कुणाच्या फोनवर? पोराच्या? त्यो फोन इचारतोय, तुमची तक्रार सांगा म्हणून. अंगणात हुबं ऱ्हाऊन काय सांगू? आन् माझ्या नावानं दारात गाडी आली असती, तर सगळी वाडी गोळा झाली असती, शैलाला काय झालं म्हणून. ह्यांच्यासंगं गेलं की कुणी इचारत न्हाय. ह्यांचं उरकलं, की डाक्टरबाईंच्या कानावर दोन सबुद घालायचे. तेवढंच व्हतं माझं.”

“आता केवढी आहे?”

तिनं हात पदराला पुसले, माझा हात धरला आणि त्या जागी नेऊन ठेवला. गाठ लिंबाएवढी होती. मला रडू फुटलं आणि ते आवरेना. लाज वाटत होती, भीती वाटत होती आणि सगळ्यात जास्त स्वतःचा राग येत होता.

“रडताय कशाला, वन्सं?” ती म्हणाली. “दुखत न्हाय.”

*

तपासण्या आठवड्यात झाल्या. रिपोर्ट सांगायच्या आधी डॉ. मुल्ला स्वतःचंच अक्षर बराच वेळ बघत बसल्या.

“मी फोन करायला हवा होता,” त्या म्हणाल्या.

“कुणाला करणार? तिचा नंबर तुमच्याकडे नव्हता. तुमच्या लेखी ती रुग्णच नव्हती.”

“तरी.”

काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेला होता. आधी औषधाचे सहा डोस, मग शस्त्रक्रिया. दादा खुर्चीत बसून नुसता मान हलवत होता, आणि त्याला काही कळत नव्हतं हे मला दिसत होतं. तो बाहेर गेल्यावर मी विचारलं, वाचायची शक्यता किती?

“शंभरात साठ.”

“आणि तेव्हा आली असती तर?”

“ते विचारू नका.”

“सांगा.”

“पंचाण्णव. गाठ काढून भागलं असतं.”

आकड्यांशी माझा वीस वर्षांचा संबंध. पण साठ आणि पंचाण्णव यांच्यामध्ये माझी वहिनी उभी आहे, हे मला त्या दिवशी कुठल्याच तक्त्यात मांडता येईना.

मग मी कामाला लागले. उपाय सापडायला वेळ लागला नाही. पहिला सोपा होता: पस्तिशीपुढच्या बायकांना यंत्रानं वर्षातून एकदा आपणहून बोलवायचं. महिनाभर तसं केलं. सहाशे जणींना निरोप गेले, एकोणसत्तर आल्या. त्यानंतर मी दुसरा आराखडा काढला आणि संस्थेचे कार्यकारी विश्वस्त पाटणकर यांच्याकडे गेले. माणूस भला आहे. रुग्णालयासाठी स्वतःची जमीन दिलेला.

“सहाशेंत एकोणसत्तर म्हणजे निरोप नीट गेले नसतील,” ते म्हणाले. “महिलांचं शिबिर घेऊ. मंडप टाकू.”

“शिबिराला गेलेली बाई सगळ्या गावाला दिसते, साहेब. नवऱ्याबरोबर गेलेली दिसत नाही.”

“मग तुमचं म्हणणं काय?”

“सोबतचं माणूस परत आणायचं. गाडीत त्याला जागा, केबिनमध्ये दुसरी खुर्ची आणि दर तपासणीला चार मिनिटं जास्त. ओपीडी दीड तास उशिरापर्यंत चालवायची.”

“ते करू. अडचण काय आहे?”

“जागा. एका वेळी साठ माणसं इमारतीत वाढतील. त्यांना बसायला, पाण्याला, संडासाला मिळून नव्वद चौरस मीटर लागतात. तेवढी जागा फक्त डे-केअरमध्ये आहे. दाराकडच्या आठ खुर्च्या काढाव्या लागतील.”

पाटणकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“त्या खुर्च्यांवर तीन तालुक्यांतली माणसं येतात. सलाईनवाल्यांना आत सरकवता येईल, पण कॅन्सरचे आठ जण कुठे जातील?”

“पुण्याला. वरचा मजला होईपर्यंत. दोन वर्षं.”

“कॅन्सरच्या माणसांना तुम्ही चार तास गाडीत बसवणार?” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “राग मानू नका, बाई. तुमच्या घरात आजारपण आलंय म्हणून तुम्ही असं बोलताय.”

राग आलाच. पण ते खरंही होतं.

“हो,” मी म्हणाले. “घरात आलं नसतं तर मला कळलंच नसतं.”

“मग असं करा. चूक काय झाली, कुणाकडून झाली, ते लिहा आणि खाली सही करा. नवा आराखडा त्याला जोडा. सोमवारपर्यंत द्या. अकराही तालुक्यांना तो कागद मी पाठवीन. माझ्या तोंडच्या शब्दावर मी आठ माणसांना बाहेर काढणार नाही.”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. सहीचा कागद गेला की ते अकरा आराखडे माझ्या हातून जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी दोन दिवस तो कागद लिहिला नाही. कारणं पुष्कळ सापडली. सगळ्यात चांगलं कारण ती आठ माणसंच होती. त्यांच्या आड लपायला बरं पडत होतं.

*

शुक्रवारी वहिनीचा तिसरा डोस होता. खुर्ची नंबर एकवीस, दाराकडच्या रांगेत. तिथेही सोबतच्या माणसाला आत घेत नाहीत. माझ्याकडे कामाचं ओळखपत्र, म्हणून मला बसता आलं. औषधाचा पंप मंद आवाज करत होता. शेजारच्या वीस नंबरवर दहिवडीचे निवृत्त पोस्टमास्तर तात्या गलांडे तोंड उघडं टाकून झोपले होते. वहिनीचे केस गेले होते. डोक्याला तिनं दादाचा मफलर गुंडाळला होता.

माझ्या मांडीवर नकाशा होता. मी त्यावर रेघा मारत होते, खोडत होते.

“काय ते?” वहिनीनं विचारलं.

मी सांगितलं. तिला नकाशा वाचता येत नाही, पण बोट ठेवून दाखवल्यावर खुर्च्या कळल्या. तिनं मोजल्या.

“सतरा ते चोवीस. म्हंजी माझीबी जाणार.”

“तुझी नाही जाणार. तुला मी आतल्या रांगेत सरकवते. ते माझ्या हातात आहे.”

“आन् मग भाईर कोण जाणार? आतल्या रांगंतलं कोणतरी?”

तिनं तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वन्सं, तुमी एवढं शिकलाव, मग मला सांगा. ही खुर्ची मला लागली कशापायी? उशीर झाला म्हणून न्हवं? येळंत आले असते तर हितं बसायची येळच आली नसती. तुमी खुर्च्या वाढवल्या आन् दार बारीक केलं. दार मोठं करा. खुर्च्या आपसूक कमी लागतील.”

मला यंत्राला हा प्रश्न विचारायचं कधी सुचलं नव्हतं. आम्ही चोवीस खुर्च्या गृहीत धरल्या होत्या, जसा पाऊस गृहीत धरतात. माणसं लवकर सापडली तर किती लागतील, हे मी त्याच दुपारी घटिकेला विचारलं. सहा वर्षांनी पंधरा, असं उत्तर आलं. पण सहा वर्षांनी. आजच्या तात्यांना त्याचा काही उपयोग नव्हता आणि वहिनीलाही.

“पयल्यांदा माझी काढा,” ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. तिसऱ्या डोसला फार मळमळतं.

रविवारी मी कागद लिहिला. दीड पान झालं. वाढीव वेळ मी वगळला. मागची बाजू स्कॅन करू नका, असं मी सांगितलं. सोबतीची गरज नाही, हे वाक्य माझं. साडेसातशे बायका वर्षभरात तपासणीविना राहिल्याचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी एकीचं नाव मला माहीत आहे. खाली सही केली. पाटणकरांनी आराखडा मंजूर केला आणि कागद अकराही तालुक्यांना पाठवला. पुढच्या पंधरवड्यात अकरापैकी नऊ तालुक्यांनी दुसरा नियोजक बघितला. दोघांनी अजून काही कळवलेलं नाही.

*

आठ जणांना निरोप द्यायचं काम घटिकेचं होतं. आठ कानांत एका सेकंदात काम झालं असतं. मी ते तिच्याकडून काढून घेतलं आणि स्वतः फोन करायला बसले. पहिला फोन तात्या गलांड्यांना लावला. पुढच्या डोसपासून पुण्याला जावं लागेल, गाडी रुग्णालयाची असेल, बरोबर एक माणूस नेता येईल, असं सगळं सांगितलं.

ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, “मॅडम, माझं काही चुकलं का? मी कधी तक्रार केली नाही. नर्सबाईंना विचारा. मी नुसता झोपतो.”

“तुमचं काही चुकलं नाही, तात्या. माझं चुकलंय.”

“मग शिक्षा मला का?”

यंत्राकडे याचं उत्तर असतं तरी ते मी तात्यांना ऐकवलं नसतं. शेवटी त्यांनीच विचारलं, “गाडी किती वाजता निघते?”

“पहाटे पाचला.”

“पाच,” ते म्हणाले. बहुतेक कुठेतरी लिहून घेत होते.

बाकीच्या सहा जणांपैकी दोघांनी शिव्या दिल्या, एकीनं फोन मुलाकडे दिला, तिघांनी फक्त ‘बरं’ म्हटलं. ते ‘बरं’ शिव्यांपेक्षा जड गेलं.

आठवा फोन घरी केला. वहिनीनंच उचलला.

“खुर्ची गेली न्हवं माझी?”

“गेली. सोमवारपासून पुणे. दादा येईल ना बरोबर?”

“येतील की. न येऊन सांगतायत कुणाला? बसतील भाईर चार तास, कळंल त्यांनाबी.” ती जराशी हसली, मग खोकला आला, तो थांबेपर्यंत मी थांबले. “आन् माझ्या जागंवर आता कोण बसणार?”

“नवऱ्याबरोबर आलेल्या बायका.”

पलीकडे तिनं खोकून घसा मोकळा केला.

“वन्सं,” ती म्हणाली, “नुसत्या खुर्च्या मांडून भागायचं न्हाय. डाक्टरबाईंना म्हणावं, त्या बायकांना आपण होऊन इचारा. आमाला सांगता येत न्हाय.”